व्याकरणकार लिंडले मरे

इंग्रजी व्याकरणाचे नाव काढताच आपल्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या मनात धडकी भरते. नियम मुखोद्गत असतात, परंतु समोरचे वाक्य उलगडत नाही. अशा विद्यार्थ्यांनी लिंडले मरे यांचे चरित्र अवश्य जाणून घ्यावे.

मरे यांचा जन्म इ. स. १७४५ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया प्रांतात एका क्वेकरपंथी कुटुंबात झाला. वडील पुढे न्यूयॉर्क येथील मोठे व्यापारी झाले. मुलाने व्यापार पाहावा ही त्यांची इच्छा; मुलाचा ओढा विद्येकडे. वडिलांच्या करड्या शिस्तीस कंटाळून तो एकदा घर सोडून बर्लिंग्टन गावच्या शाळेत जाऊन राहिला. पुढे समेट झाला व कायद्याचा अभ्यास करून मरे वकील झाले. वकिली व व्यापार यांत त्यांना द्रव्य मिळाले. परंतु स्नायू दुर्बळ होण्याच्या व्याधीने गाठल्यामुळे हवापालटासाठी १७८४ साली ते पत्नी हॅना यांच्यासह इंग्लंडास गेले आणि यॉर्क शहरानजीक होलगेट येथे स्थायिक झाले.

हळूहळू चालणे बंद झाले. पण बुद्धी जागी होती. यॉर्क येथील क्वेकर मुलींच्या शाळेतील शिक्षिकांस सुगम व्याकरण हवे होते. त्यांच्याकरिता मरे यांनी बसल्या जागी ग्रंथ रचला व तो १७९५ साली प्रसिद्ध झाला. वर्णविचार, शब्दविचार, वाक्यविचार व छंदोविचार असे त्याचे चार भाग होत. बिशप लाउथ आदी पूर्वसूरींकडून आपण बरेच घेतले असून आपण केवळ संग्राहक आहोत, हे त्यांनी प्रांजळपणे नमूद केले. मुख्य नियम मोठ्या टाइपात व विवरण लहान टाइपात, ही त्यांची मांडणी. १७९७ साली त्यांनी अभ्यासाची वाक्ये व त्यांची उत्तरे निरनिराळ्या पुस्तकांत दिली. अशुद्ध वाक्य विद्यार्थ्याने स्वतः शुद्ध करावे व प्रत्येक शब्दाचे व्याकरण चालवावे, हा त्यांचा आग्रह.

त्याचे मर्म एका उदाहरणाने ध्यानी येईल. वाघाने शेळीला मारले, या वाक्यातील शब्द मागेपुढे केले तरी विभक्तिप्रत्ययांमुळे अर्थ ढळत नाही. इंग्रजीत अशा नामांना प्रत्यय नसल्याने त्यांच्या जागा बदलताच शेळीच वाघाला मारील! म्हणून तेथे शब्दाचे रूप नव्हे, तर वाक्यातील त्याचे कार्य विचारावे लागते. मरे यांनी आरंभी नामाच्या दोनच विभक्ती मानल्या होत्या. पुढील आवृत्त्यांत कर्माची तिसरी विभक्ती स्वीकारली. इंग्रजीला लॅटिनच्या साच्यात बसविल्याचा दोष विद्वान त्यांस देतात व तो खोटा नाही. तथापि त्यांचा ग्रंथ इंग्लंड-अमेरिकेत घरोघर गेला. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठी व्याकरणावरही त्याच्या धर्तीची छाप आहे.

ग्रंथांची प्राप्ती मरे यांनी परोपकारार्थ वेचली. गुलामांची मुक्तता व त्यांच्या संततीचे शिक्षण यांकरिता त्यांनी मृत्युपत्रात तरतूद केली. १८२६ साली होलगेट येथेच ते निवर्तले.

आपल्या ज्ञातीतील विद्यार्थी-विद्यार्थिनींनी यातून एवढा बोध घ्यावा, की नियम घोकून भाषा येत नाही. रोज एकच वाक्य घ्यावे, त्यातील प्रत्येक शब्दाला त्याचे काम विचारावे. पाय गमावलेल्या पुरुषाने जे आसनावर बसून साधले, त्याचा लाभ धडधाकट मुलांनी का घेऊ नये?