नावाची मोहोर

पॉल रिव्हिअर हे नाव अमेरिकेत एका घोडदौडीशी निगडित झाले आहे. १८ एप्रिल १७७५ च्या रात्री ब्रिटिश फौज चालून येत असल्याची वर्दी त्याने लेक्सिंग्टनला पोहोचविली. लाँगफेलोच्या कवितेने ती दौड अजरामर केली. पण रिव्हिअरचा पिंड घडला तो बॉस्टनमधील चांदीच्या भट्टीपुढे.

वडील १७५४ मध्ये वारले आणि दुकानाचा भार कोवळ्या वयात त्याच्यावर पडला. त्या काळी तेथे आजच्यासारख्या बँका नव्हत्या. लोक चांदीची नाणी आटवून चमचे घडवून घेत व त्यांवर आपली आद्याक्षरे कोरवीत. चोरीस गेल्यास त्यावरून ओळख पटे. अडीअडचणीला ते मोडता येत. लंडनप्रमाणे कस तपासणारी सरकारी कचेरीही बॉस्टनला नव्हती. चमच्याच्या दांड्यामागे ठोकलेली कारागिराची मोहोर हीच काय ती हमी!

१७६८ मध्ये इंग्रज सरकारचा हुकूम धुडकावणाऱ्या ९२ लोकप्रतिनिधींच्या गौरवार्थ त्याने घडविलेले चांदीचे पात्र आज बॉस्टनच्या कलासंग्रहालयात आहे. १८१८ मध्ये तो निवर्तला. कीर्ती त्याला एका रात्रीने दिली; ग्राहकांचा विश्वास मात्र त्याला प्रत्येक चमच्यागणिक नव्याने कमवावा लागला होता.