नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस

नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस (२९ ऑक्टोबर, १८५९ - १९३६) हे भूचुंबकशास्त्रज्ञ आणि मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक होते. विजेच्या ट्रामपासून वेधशाळेच्या चुंबकीय नोंदींना असलेला धोका ओळखून त्यांनी अलिबाग येथे नवी वेधशाळा उभारली. एका विद्युत यंत्रणेमुळे दुसऱ्या उपकरणाच्या कामात येणारा व्यत्यय टाळण्याचे हे भारतातील एक आरंभीचे उदाहरण होय.

कारकीर्द

एडिंबरा विद्यापीठात उच्च शिक्षण घेतल्यावर मूस यांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापन केले. १८९६ ते १९१९ या काळात ते कुलाबा वेधशाळेचे संचालक होते. तेथे १८४१ पासून चुंबकीय निरीक्षणे घेतली जात. मूस यांच्या जन्माच्या जेमतेम दोन महिने आधी, सप्टेंबर १८५९ मध्ये, आलेल्या प्रचंड चुंबकीय वादळाची नोंदही तेथे झाली होती.

ट्रामचा प्रश्न

मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम धावत. १९०० च्या सुमारास त्या विजेवर चालविण्याची योजना पुढे आली. विजेच्या ट्राममधील प्रवाह रुळांवाटे परत जातो व त्याचा काही भाग जमिनीत शिरतो. या प्रवाहाचे सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील सूक्ष्म बदलांत मिसळले असते. उपकरणांभोवती संरक्षक आवरण घालण्याचा उपाय येथे निरुपयोगी होता. कारण त्याने व्यत्ययाबरोबरच मोजावयाचे क्षेत्रही अडले असते. म्हणून दूर जाणे हाच मार्ग उरला. परंतु जागा बदलल्यास अनेक दशकांच्या नोंदींची मालिका तुटणार होती.

अलिबाग वेधशाळा

मूस यांनी कुलाब्यापासून सुमारे ३० किलोमीटरवरील अलिबागची निवड केली. वेधशाळेच्या बांधकामात चुंबकीय गुणधर्म नसलेले साहित्य वापरण्यात आले. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे घेऊन त्यांतील फरक निश्चित करण्यात आला. त्यामुळे जुनी मालिका नव्या मालिकेशी जोडता आली. १९०६ मध्ये कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणे थांबली आणि मे १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम सुरू झाली.

ग्रंथ व महत्त्व

१८४६ ते १९०५ या काळातील नोंदी व त्यांचे विवेचन मूस यांनी १९१० साली दोन भागांच्या ग्रंथात मांडले. कुलाब्याच्या नोंदींच्या आधारे १८५९ च्या वादळाच्या तीव्रतेचा नव्याने अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला.

संगणक व इतर इलेक्ट्रॉनिक उपकरणे परस्परांच्या कामात अडथळा न आणता चालावीत, यासाठी आज व्यत्यय मुळाशीच कमी करणे, आवरण घालणे व पुरेसे अंतर ठेवणे हे उपाय योजतात. त्यांपैकी अंतराचा उपाय मूस यांनी अवलंबिला आणि त्यापायी जुनी माहिती वाया जाऊ दिली नाही. अलिबागची वेधशाळा आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अखत्यारीत कार्यरत आहे.