थिओटोकोपुलोसची स्वाक्षरी

एल ग्रेको, म्हणजे ग्रीक माणूस, हे परक्यांनी दिलेले नाव. चित्रकार स्वतः सही करी ती डोमेनिकोस थिओटोकोपुलोस अशी, आयुष्यभर ग्रीक लिपीत. कधी पुढे क्रीटचा रहिवासी असेही जोडी. थिओटोकोस म्हणजे देवमाता; तिचे नाव आडनावातच होते.

व्हेनिसच्या अमलाखालील क्रीट बेटावर, कांदिया नगरीत १५४१ साली तो जन्मला. तेथे आयकॉन म्हणजे लाकडी फळीवर अंड्याच्या बलकात कालविलेल्या रंगांनी व सोन्याच्या वर्खाने सिद्ध केलेली पूज्य प्रतिमा. पूर्वसूरींनी ठरविलेले रूप निष्ठेने उतरविणे हा तिचा धर्म. पंचविशीच्या आतच कागदपत्रांत त्याची नोंद उस्ताद चित्रकार अशी आढळते. पुढे व्हेनिस, रोम आणि १५७७ मध्ये तोलेदो. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याला त्याचे संत मॉरिसचे चित्र रुचले नाही, आणि दरबाराचे दार बंद झाले.

इटलीत पाऊल ठेवताच त्याच्यातील प्रतिमाकार संपला, असे पुष्कळदा गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखकास ते मान्य नाही. १९८३ साली सायरोस बेटावरील एका चर्चमधल्या आयकॉनवर, दीपवृक्षाच्या बैठकीवर, त्याची सही उजेडात आली. विषय देवमातेची महानिद्रा: खाली मृत्युशय्येभोवती शिष्यगण, वर उघडलेला स्वर्ग. या विषयाच्या परंपरागत मांडणीत ख्रिस्त आईचा आत्मा तान्ह्या बाळाच्या रूपाने हाती घेतो. आता तोलेदोतील सांतो तोमे चर्चमधील, १५८६ ते १५८८ या काळातले, ओर्गाथच्या सरदाराचे दफन पाहावे. खाली शोकाकुल जन, वर स्वर्ग, आणि मधोमध देवदूत एक धूसर, बालकासारखा आत्मा वर नेत आहे. पुढे उभ्या असलेल्या मुलाच्या खिशातील रुमालावर सही आहे, तीही ग्रीक. हा मुलगा चित्रकाराचाच, होर्हे मान्वेल. रंगांची ऊब मात्र व्हेनिसची. तेव्हा त्याला निखळ बायझंटाइन म्हणणे हाही अतिरेकच.

ग्रीक पद्धतीला हीन लेखणाऱ्या वासारीच्या ग्रंथाच्या समासात त्याने आपला विरोध लिहून ठेवला आहे. ७ एप्रिल १६१४ रोजी तोलेदोतच तो निवर्तला. होर्हे मान्वेलने केलेल्या मालमत्तेच्या यादीत ग्रीक पुस्तकेही आहेत.