कुमारी बेसी कोलमन : विमानविद्येची एक एकनिष्ठ उपासिका

वैमानिक स्त्रियांचा विषय निघाला की अमेलिया इअरहार्ट हिचे नाव प्रथम ओठावर येते. तिच्याही आधी, १९२१ साली, विमान चालविण्याचा आंतरराष्ट्रीय परवाना मिळविलेल्या कुमारी बेसी कोलमन यांचा परिचय आम्ही आमच्या वाचकभगिनींस करून देत आहो.

त्यांचा जन्म २६ जानेवारी १८९२ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात, एका कृष्णवर्णीय शेतमजुराच्या घरी झाला. वडील पुढे घर सोडून गेले. आईने परक्या घरी राबून मुले वाढविली. कापूसवेचणीचा हंगाम आला की मुलांची शाळा बंद. मोठेपणी साठविलेल्या पैशांतून बेसीबाईंनी उच्च शिक्षणास आरंभ केला, परंतु एका सत्रातच पैसे सरले. मग शिकागोस जाऊन केशकर्तनालयात गिऱ्हाइकांची नखे नीटनेटकी करण्याचे काम पत्करले. महायुद्धावरून परतलेला भाऊ, फ्रान्समधील बायका विमाने उडवितात, असे सांगून त्यांना चिडवी. ती थट्टा त्यांनी मनावर घेतली!

स्त्री, आणि त्यातून कृष्णवर्णीय! अमेरिकेतील एकही विमानशाळा त्यांना घेईना. ‘शिकागो डिफेंडर’ या पत्राचे चालक रॉबर्ट अ‍ॅबट यांनी फ्रान्सला जाण्याचा सल्ला दिला. बाई फ्रेंच शिकल्या, आणि स्वतःची शिल्लक व समाजातील सधन गृहस्थांचे साह्य यांच्या बळावर १९२० च्या नोव्हेंबरात निघाल्या. परदेशी शिक्षणासाठी अशी जुळवाजुळव करणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

ल क्रोत्वा येथील कोद्रों बंधूंच्या शाळेतील न्यूपोर जातीचे विमान म्हणजे लाकूड, कापड व तारा यांचा डोलारा. पंख एकावर एक असे दुहेरी, हाती एक दांडा, पायाखाली दिशा बदलण्याची आडवी पट्टी, आणि ब्रेक मुळीच नाही. एक सहाध्यायी डोळ्यांदेखत अपघातात गेला, तरी बाई डगमगल्या नाहीत. १५ जून १९२१ रोजी परवाना हाती आला. असा परवाना मिळविणाऱ्या त्या पहिल्याच कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री होत.

मायदेशी त्यांनी विमानाच्या कसरतींचे प्रयोग सुरू केले. १९२३ मध्ये विमान कोसळून पाय मोडला. पण प्रयोग हे केवळ साधन होते. त्यांचा ध्यास होता आपल्या समाजातील स्त्रीपुरुषांसाठी विमानशाळा काढण्याचा. त्यासाठी व्याख्याने दिली, शृंगारगृहही चालविले. एका चित्रपटात मात्र फाटक्या वेशात येण्यास सांगताच त्या काम सोडून निघून आल्या. पैशाची एवढी निकड असताना हे करणे आम्हांस विमानोड्डाणाहूनही कठीण वाटते. वॅक्सहॅची या गावी गोऱ्यांना व काळ्यांना वेगळे दरवाजे ठेवले, तेव्हा त्यांनी प्रयोग करण्याचेच नाकारले. दरवाजा एक झाला. आतील बैठका वेगळ्याच राहिल्या.

३० एप्रिल १९२६ रोजी जॅक्सनव्हिल येथे दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगाची पाहणी चालली होती. विमान जुने, सहकारी विल्यम विल्स ते चालवीत होता. खालची जागा वाकून पाहता यावी म्हणून बाईंनी पट्टा बांधला नव्हता. यंत्रात पाना अडकला, विमान उलटले आणि बाई बाहेर फेकल्या गेल्या. विल्सही वाचला नाही. बाईंचे वय अवघे ३४ होते.

शाळा त्यांच्या हयातीत निघाली नाही. १९२९ साली लॉस एंजेलिस येथे विल्यम पॉवेल यांनी त्यांच्या नावाने वैमानिक मंडळ काढले, आणि त्याने कृष्णवर्णीय तरुणतरुणींस उड्डाण शिकविले. १९३१ पासून शिकागोचे कृष्णवर्णीय वैमानिक लिंकन दफनभूमीतील त्यांच्या समाधीवर विमानांतून फुले टाकू लागले.