रॉबर्ट मॅकिंटॉश

सर रॉबर्ट रेनॉल्ड्स मॅकिंटॉश (१७ ऑक्टोबर, इ.स. १८९७:टिमारू, न्यू झीलंड - २८ ऑगस्ट, इ.स. १९८९:ऑक्सफर्ड, इंग्लंड) हे भूलशास्त्राचे प्राध्यापक होते. भूल देताना श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी वापरले जाणारे वक्र पात्याचे लॅरिंगोस्कोप त्यांच्या नावाने ओळखले जाते.

जीवन

मॅकिंटॉश यांच्या बालपणाचा काही काळ अर्जेंटिनात गेला. पहिल्या महायुद्धात ते वैमानिक होते. इ.स. १९१७ मध्ये त्यांचे विमान पाडले गेले आणि ते जर्मनांचे युद्धकैदी झाले. कैदेतून निसटण्याचे अनेक प्रयत्न त्यांनी केले. युद्धानंतर लंडनच्या गाय्ज रुग्णालयात शिकून ते इ.स. १९२४ मध्ये डॉक्टर झाले. शल्यचिकित्सक होण्याचा मूळ विचार मागे पडला व दंतवैद्यांच्या रुग्णांना भूल देण्यात त्यांनी नाव मिळवले. मोटार उद्योजक लॉर्ड नफील्ड यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठाला मोठी देणगी देताना भूलशास्त्राच्या अध्यासनाचा आग्रह धरला. या विषयाला प्राध्यापक कशाला, अशी शंका विद्यापीठातच होती. इ.स. १९३७ मध्ये मॅकिंटॉश त्या पदावर आले व इ.स. १९६५ पर्यंत राहिले.

वक्र पाते

तोपर्यंतच्या सरळ पात्याने एपिग्लॉटिस हे स्वरयंत्रावरील झाकण खालून उचलावे लागे. त्याच्या खालच्या पृष्ठाची संवेदना व्हेगस चेतेच्या शाखेकडून येते. तिला स्पर्श झाल्यास स्वरयंत्र आकसण्याचा धोका असतो, त्यामुळे भूल खोल द्यावी लागे. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेसाठी तोंड उघडे ठेवणारे उपकरण बसवताना मॅकिंटॉश यांना स्वरतंतू अनपेक्षितपणे स्पष्ट दिसले. त्यावरून इ.स. १९४३ मध्ये त्यांनी वक्र पाते तयार केले. त्याचे टोक जिह्वामूळ व एपिग्लॉटिस यांमधील खोबणीत टेकते. तेथील संवेदना ग्लॉसोफॅरिंजियल चेतेकडे असते. पाते पुढे-वर उचलताच झाकण आपोआप वर होते. उपकरण साधे आहे. त्यामागचे शरीररचनेचे ज्ञान साधे नाही.

इतर कार्य

बाहूच्या चेताजालाला व मेरुदंडात बधिरीकरण करण्याच्या पद्धतींवर त्यांनी सचित्र पुस्तके लिहिली. सुई कोणत्या थरांतून जाते हे ठाऊक नसलेल्याने ती हाती धरू नये, हीच त्यांतील दृष्टी आहे. स्पेनच्या यादवी युद्धात अपुऱ्या साधनांनिशी भूल देण्याचा अनुभव त्यांनी घेतला होता. पुढे एपस्टाइन यांच्यासह त्यांनी विकसित केलेले इ.एम.ओ. हे ईथरचे यंत्र दाबाखालील वायूंच्या सिलिंडरांवाचून चालत असे. त्यामुळे ते भारतासह अनेक देशांतील लहान रुग्णालयांना सोयीचे ठरले. भुलेमुळे होणारे बहुतेक मृत्यू टाळता येण्याजोगे असतात, हे मत त्यांनी इ.स. १९४० च्या दशकात उघडपणे मांडले. व्यवसायबंधूंना ते रुचणारे नव्हते.

इ.स. १९५५ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. त्यांचे निधन झाले त्याच वर्षी यवतमाळ येथे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. भूलशास्त्राचे शिक्षण घेणाऱ्यांच्या हाती आजही बहुधा प्रथम मॅकिंटॉश यांचेच पाते येते.