केशवाहिन्यांचा शोधक : मार्चेल्लो माल्पिगी

रक्त हृदयातून निघून हृदयाकडेच परतते, हे विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये सिद्ध केले. परंतु रोहिण्यांतील रक्त नीलांमध्ये कसे शिरते, हे त्यांना अखेरपर्यंत दिसले नाही. त्याच वर्षी इटलीतील बोलोन्याजवळ मार्चेल्लो माल्पिगी यांचा जन्म झाला. १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना अतिसूक्ष्म वाहिन्यांचे जाळे आढळले. पेशींना प्राणवायू व पोषकद्रव्ये मिळतात ती याच वाहिन्यांच्या पातळ भिंतींतून. दुर्दैवाने हार्वे चार वर्षांपूर्वीच निवर्तले होते. जुन्या मताच्या सहकाऱ्यांनी माल्पिगींना पुष्कळ छळले. १६८४ मध्ये घराला लागलेल्या आगीत त्यांचे सूक्ष्मदर्शक व कागदपत्रे भस्मसात झाली. पुढे पोपचे वैद्य म्हणून ते रोमला गेले. तेथेच १६९४ मध्ये मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले.