नेटी स्टीव्हन्स : पिठातल्या अळीपासून मांजरीच्या रंगापर्यंत



काळी, केशरी आणि पांढरी अशी तीन रंगांची मांजर तुम्ही पाहिलीच असेल. ती जवळजवळ नेहमी मादीच असते, हे लक्षात आलंय का? असं का, हे समजून घ्यायला एका शिक्षिकेची ओळख करून घेऊया.

नेटी स्टीव्हन्स यांचा जन्म ७ जुलै १८६१ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात झाला. वडील सुतार होते. नेटींनी शिक्षक प्रशिक्षण घेतलं, शाळेत शिकवलं, ग्रंथालयातही काम केलं. पैसे साठवून १८९६ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रवेश घेतला. १९०३ मध्ये ब्रिन मॉर कॉलेजातून पीएच.डी. मिळवली.

१९०५ मध्ये त्यांनी पिठात होणाऱ्या अळीच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. मादीत २० मोठी गुणसूत्रं होती. नरात मात्र १९ मोठी आणि एक अगदी लहान! म्हणजे लिंग ठरतं ते नराकडून येणाऱ्या गुणसूत्रावर. त्याच वर्षी एडमंड विल्सन हेही स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाला आले. श्रेय मात्र बराच काळ त्यांनाच जास्त मिळालं. पुढे ही गुणसूत्रं एक्स आणि वाय या नावांनी ओळखली जाऊ लागली.

आता मांजरीकडे वळूया. केशरी रंगाचं जनुक एक्सवर असतं. बोक्याकडे एकच एक्स, म्हणून तो केशरी तरी किंवा काळा तरी. मादीकडे दोन एक्स असतात. एकावर केशरी, दुसऱ्यावर काळा असेल, तर प्रत्येक पेशीत एक एक्स बंद पडतो आणि अंगावर दोन्ही रंगांचे ठिपके उमटतात. पांढरा रंग वेगळ्या जनुकामुळे येतो. क्वचित तिरंगी बोका दिसतो, त्याच्याकडे बहुधा एक एक्स जास्तीचा असतो.

ब्रिन मॉरने नेटींसाठी खास संशोधन-प्राध्यापकपद निर्माण केलं, पण ते स्वीकारण्याआधीच ४ मे १९१२ रोजी कर्करोगाने त्यांचं निधन झालं. वय अवघं ५०.

मुलगी झाली म्हणून आजही आईला बोल लावणारी घरं आपल्या आसपास आहेत. माणसातही आईकडून एक्सच मिळतो, वाय आला तर वडिलांकडूनच येतो, आणि ते कुणाच्या हातात नसतं. शंभर वर्षांपूर्वी सिद्ध झालेली ही गोष्ट आपण वर्गात आणि पालकसभेत सांगायलाच हवी. सुरुवात तिरंगी मांजरीपासून करून बघा, मुलं नक्की ऐकतील.